महालक्ष्म्या आणि आठशे मीटर

कच्च्या अंड्याचा वास मला आजही सहन होत नाही. भिलाईत सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरमध्ये दोन वर्षं रोज सकाळी मी तो वास गिळला. पाचला मैदान, साडेसातला घर, आणि घरी आलं की मागच्या व्हरांड्यात आईने ठेवलेला पेला. कोमट दूध, त्यात फेटलेली दोन अंडी, वर चिमूटभर हळद. अंड्याचा म्हणून तो पेला वेगळा होता, स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता. तळाशी एक बुळबुळीत गोळा उरायचा आणि शेवटच्या घोटाबरोबर घशात उतरायचा. आमचे कोच म्हणायचे, "ताकत इसी में है." ताकद कशात असते हे त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त शिटी उत्तम वाजवता यायची.

मी आठशे मीटर धावायचे. आठशेसारखी नीच शर्यत दुसरी नाही. शंभर मीटरमध्ये डोळे मिटून सुटता येतं, पाच हजारात मनाशी गप्पा मारत जाता येतं. आठशेत दोन्हीतलं वाईट तेवढं वाट्याला येतं. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मांड्या जड होतात, तोंडाला लोखंडाची चव येते, आणि तिथून पुढे माणूस शरीरात जे साठवून आणलं असेल त्याच्या जोरावर धावतो. काही साठवलंच नसेल तर चारचौघांत फजिती होते, आणि ती बघायला लोक हमखास हजर असतात.

हे मी हौसेने करत नव्हते. बाबा पोलादाच्या प्लँटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीला होते आणि त्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षं उरली होती. रिटायर झाले की क्वार्टर सोडायचं, आणि भंडाऱ्याकडच्या गावात आमचं म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. राज्य पातळीचं सर्टिफिकेट असलं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज करता येतो, असं कोचनी बाबांना एकदा सांगितलं आणि त्या दिवसापासून माझे पाय घरच्या मालमत्तेत जमा झाले. दुर्गच्या मैदानावर जिल्ह्याची निवड व्हायची. पहिल्या दोघींत आलं तर पुढे राज्याची स्पर्धा. मला ती नोकरी हवी होती, आणि खोटं कशाला बोलू, बाबांसाठी नव्हे, स्वतःसाठी हवी होती. सकाळी डबा घेऊन प्लँटच्या गेटातून आत जाणाऱ्या मोजक्या बायका मी बघायचे. त्यांची चाल मला आवडायची.

पण ही निवड ऐन भाद्रपदात यायची. श्रावण लागला की आमच्या घरी अंडी बंद. मला त्याचं दुःख नव्हतं, पण अंड्यांच्या जागी काहीच येत नव्हतं. सोमवारचे उपास यायचे, साबुदाणा यायचा, आणि मग हरतालिका. त्या दिवशी आमच्या छत्तीसगढी शेजारणी तीजा करतात आणि आम्ही हरतालिका. नावं दोन, कोरडा घसा एकच, पाण्याचा थेंब नाही. सगळं वर्ष माझ्या अंगात ताकद भरायची आणि निवडीच्या महिन्यात ती शिस्तीत काढून घ्यायची, असा आमच्या घरचा कारभार होता. त्यावर चार दिवस जातात न जातात तोच घरात महालक्ष्म्या बसायच्या.

पश्चिमेकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच आमच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तीन दिवसांच्या पाहुण्या. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जेवणाला सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, कढी, आणि पंगतीला आमच्या क्वार्टरांची निम्मी लाइन. त्या तीन दिवसांत घरातल्या बाईला 'अडचण' आलेली चालत नाही. एरवी महिन्याच्या महिन्याला आमच्याकडे कोणी बाहेर बसत नसे. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बसणार कुठे आणि घरचं करणार कोण? विटाळ फक्त देवाच्या दिवशी जागा व्हायचा. त्यावर तोड म्हणून गोळ्या होत्या. भाद्रपद लागला की सेक्टरातल्या बायका औषधाच्या दुकानात जायच्या, आवाज खाली करून 'महालक्ष्म्यांच्या गोळ्या' मागायच्या, आणि दुकानदार काही न विचारता वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून द्यायचा. पाळी पुढे ढकलायच्या त्या गोळ्या कोणत्याही देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नव्हती, इतका त्यांना मान होता.

पहिल्या वर्षी माझी तारीख बरोबर जेवणाच्या दिवशी येत होती आणि निवड महालक्ष्म्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. आईला तर एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद झाला. कोच एक दिवस सायकल फाटकाला टेकवून उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी आईला विचारलं, "लड़की का डेट-वेट तो नहीं है उस दिन?" आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाही जी, गोळी चालू हाय." दोघांनी समाधानाने माना हलवल्या. मी तिथेच मोज्यातली माती झटकत उभी होते. शरीर माझं, गोळी माझ्या पोटात, आणि करार त्या दोघांत झाला. मला इतकी शिसारी आली की दुसऱ्या पायातला मोजा मी काढलाच नाही.

गोळ्यांनी काय होतं ते कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनाच होतं असं नाही, मला झालं. गोळ्या सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी पोट गच्च फुगलं, छाती दुखायला लागली, बुटाची लेस रोजच्या भोकात बसेना. अंगात कणकण, डोळ्यावर झापड, आणि झोपायला गेलं की झोप नाही. बरं, झोपायला वेळ तरी कुठे होता? महालक्ष्म्यांच्या पहिल्या दिवशी पहाटेपासून पुसणं, सारवणं, मखर. दुसऱ्या दिवशी पुरण वाटण्यात खांदे भरून आले, नंतर साठेक पानांची भांडी. तिसऱ्या दिवशी आवराआवर. आई आणि मी, दोघीच. चौथ्या दिवशी सकाळी मी दुर्गच्या मैदानावर उभी राहिले तेव्हा आंबिलाचा आंबूस वास माझ्या हातांना येत होता.

सात जणींत पाचवी आले. दुसऱ्या फेरीत पायांनी सरळ नकार दिला. रेषेपलीकडे जाऊन मी ओकले, आणि ओकारीत पुरणाचा रंग दिसला. कोच जवळ आले. मला वाटलं पाणी देतील. ते म्हणाले, "शरीर ठीक है तेरा. दिमाग से कमजोर है." मग सगळ्या मुलींना रांगेत बसवून त्यांनी एक वही काढली आणि प्रत्येकीची तारीख विचारून लिहून घेतली, पोरं शेजारी गोळाफेक करत असताना. एक मुलगी रडायला लागली तर म्हणाले, "साइंस है ये, शरमाने का नहीं." सायन्स म्हणे. त्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांच्या दुधाचा हिशेब होता.

पुढे मी खेळाच्या प्रशिक्षणाचा कोर्स केला तेव्हा वर्गात हार्मोन्सचा धडा आला आणि मी तोंडात मारल्यासारखी बसले. गोळीतलं हार्मोन शरीराला खोटा निरोप देतं, काहींच्या अंगात पाणी साठतं, झोपेचं तंत्र बिघडतं. भीती आणि दगदग चालूच राहिली तर ताणाचं हार्मोन खाली उतरत नाही, आणि ते उतरल्याशिवाय थकलेला स्नायू भरून येत नाही. विश्रांती म्हणजे आळस नव्हे, व्यायामाचाच उरलेला अर्धा भाग. शिकवणारे सहज सांगत होते आणि सगळे लिहून घेत होते. मी लिहिलं नाही. मला राग येत होता, कारण यातलं निम्मं शास्त्र आमच्या घराला आधीपासून पाठ होतं.

ते कसं, सांगते. बाबा नाइट करून सकाळी घरी यायचे. अंगाला कोळशाचा आणि गॅसचा कुबट वास, कितीही साबण लावा, जायचा नाही. ते दोन पोळ्या खाऊन पुढच्या खोलीत झोपायचे आणि घर मुकं व्हायचं. खिडकीला जाड चादर. कुकरची शिटी होऊ द्यायची नाही, डाळ पातेल्यात शिजवायची. शेजारचं पोर दारासमोर चेंडू आपटायला लागलं की आई बाहेर जाऊन नुसतं बोट दाखवायची. "नाइट करून आले न ते," एवढं म्हटलं की आख्खी लाइन समजून घ्यायची. झोपमोड झालेला माणूस भट्टीजवळ गेला तर काय होईल, हे तिथल्या लहान पोरांनाही सांगावं लागत नव्हतं. म्हणजे विश्रांतीची किंमत आम्हाला कळत होती. ती कोणाला द्यायची एवढंच ठरलेलं होतं. मी सकाळी दहा फेऱ्या मारून यायचे आणि त्याच मुक्या घरात आवाज न करता भांडी घासायचे.

दुसऱ्या वर्षीही तिथी आणि तारखा तशाच जुळून आल्या. निवड पुन्हा महालक्ष्म्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि माझी तारीख त्या येतील त्याच सुमाराला. आईने गोळ्यांची पट्टी हातात ठेवली. मी ती पट्टी बघितली आणि दुर्गच्या मैदानावरची ओकारी आठवली. मी रोज एक गोळी जिभेखाली धरायचे आणि मोरीत थुंकायचे. दोन दिवसांनी तेवढंही सोंग सोडून दिलं आणि उरलेली पट्टी फळीवर तशीच ठेवली. ज्या सकाळी महालक्ष्म्या यायच्या त्याच सकाळी मला पाळी आली.

आईने विचारलं, "गोळ्या घेतल्या नाही का वो तू?"

"नाही. दोन मोरीत थुंकल्या, बाकीच्या घेतल्याच नाही."

मला वाटलं आता कानाखाली बसणार. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा दाराशी काढलेल्या पावलांच्या रांगोळीकडे बघितलं. हात तिचे पिठाचे होते. "कावून?" तिने विचारलं.

"मले धावायचं हाय."

तिने हातांचं पीठ परातीत झाडलं. मग म्हणाली, "जाय, मांग जाऊन बस. तीन दिवस घरात पाय टाकजो नको. कायले हात लावजो नको."

मागचा व्हरांडा म्हणजे अंड्याच्या पेल्याचीच जागा. तिथे लोखंडी खाट, जुनी गादी, एक ताट, एक तांब्या. बाजूने नाली वाहायची आणि तिला दुपारी विशेष वास सुटायचा. डास तर विचारूच नका. आत घंटी वाजायची, बायका हसायच्या, आणि कोणी मागच्या दाराशी आली की मला बघून पाऊल मागे घ्यायची. एक बाई तर मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "असं कसं झालं बाप्पा, ऐन वेळेवर?" जसं काही मी पंगतीत थुंकले होते. पहिला दिवसभर मी त्या खाटेवर रागाने नुसती जळत पडले. स्वतःच्या अंगाचीही किळस आली, हेही सांगून टाकते. लहानपणापासून जे कानावर पडतं ते इतक्या सहज जात नाही.

आणि मग मी झोपले. करायला दुसरं काही नव्हतंच. संध्याकाळी झोपले, रात्री झोपले, दुसऱ्या दिवशी दुपारी झोपले. आत साठ पानं उठत होती आणि मला कशाला हात लावायची बंदी होती. आई ताट वाढून उंबऱ्याशी ठेवायची आणि दोन हात मागे सरायची. पुरणपोळीवर तूप, भात, कढी, भाज्या. संपलं की पुन्हा वाढायची. पहिल्या दिवशी पोट दुखलं, दुसऱ्या दिवशी कमी झालं, तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा अंग इतकं हलकं वाटलं की मी खाटेवर उठून बसले आणि पाय हलवून बघितले. त्या दुपारी कोच फाटकाशी येऊन हाका मारत होते. आईचा आवाज आला, "झोपली हाय ते. उठवत नाही मी." बाबा सोडून दुसऱ्या कोणासाठी ते वाक्य आमच्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. आणि पुन्हा झोपले.

चौथ्या दिवशी दुर्गला मी पहिली आले. दुसऱ्या फेरीचा मध्य आला, तोंडाला लोखंडाची चव आली, आणि तरीही पाय चालत राहिले. शेवटच्या वळणावर मला पुढे कोणी दिसेना तेव्हा वाटलं की माझीच मोजायची चूक झाली, अजून एक फेरी असेल. नव्हती. राज्याच्या स्पर्धेच्या यादीत माझं नाव पहिलं लिहिलं गेलं.

कोच धावत आले. खांद्यावर थाप वगैरे मारून झाल्यावर त्यांनी ती वही काढली, माझं पान शोधलं आणि हळूच विचारलं, "आज कौन सा दिन है तेरा?" मी म्हटलं, चौथा. त्यांनी ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग डोळे बारीक करून म्हणाले, "तो स्टेट के टाइम भी यही सेट करेंगे. मम्मी को बोल, गोली से आगे-पीछे हो जाता है." तीन दिवस मी झोपले होते, पोटभर जेवले होते, कोणी माझ्यावर ओरडलं नव्हतं. यातलं त्यांना काहीही विचारावंसं वाटलं नाही. सापडली ती तारीख. दुर्गहून परत येताना ऑटोत मी शेजारच्या मुलीला ही गोष्ट सांगून सांगून हसत होते. मी फार खुशीत होते. एकटीने बंड केलं आणि जिंकलं, असं मला वाटत होतं.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होत होती. बाबांची त्या दिवशी पुन्हा नाइट होती, ते पुढच्या खोलीत झोपले होते. आई मोरीत बसली होती. नळ बारीक धारेने सोडलेला, बादली वाजू नये म्हणून तिच्याखाली पोतं घातलेलं. पाणी लाल होतं. तिच्या साडीचे फाडलेले तुकडे ती धूत होती, एक नव्हे, चांगले आठ-दहा. पायांवर इतकी सूज होती की पैंजण मांसात रुतलं होतं.

मी हळू आवाजात सांगितलं, "आई, पहिली आली मी."

"हाव?" ती हसली. "चांगलं झालं. चहा मांडतो थांब." उठायला गेली आणि भिंत धरून पुन्हा खाली बसली.

"हे काय वो? कवापासून?"

"सकाळपासून. गोळ्या सोडल्या न, मंग असंच होते. जास्त दिवस घ्या लागल्या यंदा." आणि मग अगदी सहज, मिरच्या संपल्या असं सांगावं तसं म्हणाली, "माही तारीख तुह्या आंधी होती. माह्या पुरल्या नाही. तुह्या उरल्या होत्या, त्याच घेतल्या."

मी विचारलं, तूही बसली असतीस तर? ती म्हणाली, "दोघींले एकदम बसता येते का? साठ पानं कोन वाढीन?"

लग्न झाल्यापासून बावीस महालक्ष्म्या झाल्या होत्या. त्यांत एकदाही ती बसली नव्हती. मी लहान होते तेव्हा एकटीने, मग माझ्याबरोबर, आणि या वर्षी पुन्हा एकटीने. सोळा भाज्या, पुरण, साठ पानं, आणि दर दोन तासांनी उंबऱ्याशी माझं ताट. मी ज्या गोळ्यांना नाही म्हटलं त्या त्याच पट्टीतून तिच्या पोटात गेल्या होत्या. मी जे तीन दिवस अंगात साठवलं ते तिच्या अंगातून काढलेलं होतं. कोचची किळस, गोळ्यांची किळस, नालीची किळस, सगळी मी तोवर मोठ्या अभिमानाने बाळगली होती. त्या मोरीपाशी मला माझ्या धडधाकट पायांची किळस आली.

मी तिच्या हातातून कपडे काढून घेतले. ती नको नको म्हणाली, मी ऐकलं नाही. "उठ. खाटेवर जाऊन झोप," मी म्हटलं.

"अन् सैपाक?"

"मी करतो."

मी तिला हाताला धरून व्हरांड्यात नेलं, खाटेवर निजवलं, अंगावर चादर टाकली. कपडे धुतले, तांदूळ धुऊन ठेवले, डाळ पातेल्यात चढवली. थोड्या वेळाने डोकावले तर ती तशीच, पाय जुळवून, छताकडे डोळे लावून पडली होती. दवाखान्यात तपासायला नेलेलं माणूस पडतं तशी. मी म्हटलं, डोळे मीट. तिने शहाण्या मुलीसारखे मिटले. मी चुलीकडे वळले तर मागून आवाज आला, "भातात मीठ टाकलं का?" मग, "बाबाच्या डब्याले लोनचं देजो." मग, "दिवा लावला का?"

मी परत तिच्याजवळ गेले आणि जरा चिडूनच म्हटलं, "झोप न वो आई. कायले जागी हायेस?"

ती ओशाळली. "झोपूनच राहिली मी," म्हणाली, आणि खाटेच्या कडेला सरकून तिने माझ्यासाठी जागा केली. "तूच पड जराशी. थकली असशीन."